तबकडी डावीकडेच का पडते?

एक मोकळे मैदान डोळ्यांसमोर आणा. पन्नास-साठ पावलांवर एक लोखंडी खांब उभा आहे. खांबाच्या माथ्यावरून साखळ्या लोंबत आहेत आणि साखळ्यांच्या तळाशी एक गोल जाळीची टोपली आहे. तुमच्या हातात प्लॅस्टिकची एक तबकडी आहे, साधारण नाश्त्याच्या ताटलीएवढी. ती फेकायची आणि टोपलीत पाडायची, एवढेच काम. तुम्ही अंगातला सगळा जोर एकवटून उजव्या हाताने ती सोडता. तबकडी सुरेख निघते, वर चढू लागते; तुम्हाला वाटते, पोचली! आणि मग तिला काय होते कोण जाणे, ती एका अंगावर कलते आणि डावीकडच्या झुडपात जाऊन पडते. तुम्ही दुसरी घेता. पुन्हा तेच. तिसरी आणखी जोराने फेकता, तर ती आणखीच डावीकडे!

बाजूला उभे राहून पाहणाऱ्यांकडे सल्ल्यांना तोटा नसतो. ‘मनगट सैल पडले’, ‘हात वाकडा गेला’, ‘जोर कमी पडला, अजून जोराने फेक!’ पाच-दहा तबकड्या झुडपातून वेचून आणल्यावर नवखा खेळाडू मनाशी ठरवून टाकतो की हा खेळ आपल्यासाठी नव्हे. जो मुलगा किंवा जी मुलगी आधीच मैदानावर मागे मागे उभी असते, तिला तर एवढे निमित्त पुरते.

मित्रांनो, या लेखात मला एवढेच दाखवून द्यायचे आहे की, तबकडीचे ते डावीकडे जाणे हा हाताला लागलेला शाप नव्हे. भोवरा ज्या नियमाने डोलतो त्याच नियमाने तबकडी वळते. तो नियम एकदा नीट समजला की शिकवणाऱ्याचे निम्मे काम झाले म्हणून समजा.

खेळ कसा जन्मला?

या खेळाला डिस्क गोल्फ म्हणतात. गोल्फमध्ये चेंडू काठीने मारीत मारीत खळग्यात घालतात. येथे तबकडी फेकीत फेकीत टोपलीत घालायची. पहिली फेक ठरलेल्या जागेवरून करायची, तबकडी जेथे पडेल तेथून पुढची फेक, आणि टोपली गाठेपर्यंत किती फेका लागल्या ते मोजायचे. अशा साधारणतः अठरा टोपल्या पार करायच्या. ज्याच्या फेका सर्वांत कमी तो जिंकला. प्रतिस्पर्धी तुमची तबकडी अडवीत नाही की तुमच्या अंगावर धावून येत नाही. झाडे, वारा आणि उतार हेच काय ते तुमचे विरोधक!

गोल वस्तू भिरकावण्याची हौस मात्र फार जुनी. १९२६ साली कॅनडातील ब्लॅडवर्थ नावाच्या गावी शाळेतील मुले पत्र्याची झाकणे फेकून गोल्फसारखा खेळ खेळत, अशी नोंद आहे. १९३७ साली वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन नावाचा अमेरिकन तरुण आपल्या मैत्रिणीबरोबर डब्याचे झाकण इकडून तिकडे फेकीत होता. झाकण वाकडेतिकडे झाल्यावर त्यांनी केक भाजण्याची पसरट भांडी फेकायला घेतली. समुद्रकिनाऱ्यावर ती पाहून लोक विकत मागू लागले. मॉरिसनच्या डोक्यात तेव्हाच व्यापार शिरला! दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिक आले आणि उडत्या तबकड्यांच्या बातम्यांनी अमेरिकेला वेड लावले. मॉरिसनने आपल्या खेळण्याला ‘प्लूटो प्लॅटर’ असे आकाशातले नाव दिले. १९५७ साली व्हॅम-ओ नावाच्या खेळणी कंपनीने ते विकत घेतले आणि त्याचे नाव ‘फ्रिस्बी’ ठेवले. फ्रिस्बी हे ब्रिजपोर्ट गावातील एका पाय बनविणाऱ्या कंपनीचे नाव. पाय म्हणजे आत सारण भरून भाजलेला तिकडचा एक खाद्यपदार्थ. त्या कंपनीची रिकामी पत्र्याची भांडी विद्यार्थी एकमेकांकडे भिरकावीत, असे सांगतात.

याच व्हॅम-ओ कंपनीत एड हेड्रिक नावाचे गृहस्थ होते. त्यांनी तबकडीच्या पाठीवर एकात एक अशी उंच कंगोऱ्यांची वर्तुळे काढली. त्यामुळे तबकडी कमी डळमळते. या कल्पनेचे पेटंट त्यांना १९६७ साली मिळाले. पुढे १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात, पॅसाडेना शहराला लागून असलेल्या ओक ग्रोव्ह उद्यानात, त्यांनी डिस्क गोल्फचे पहिले कायमचे मैदान आखले. तेव्हा टोपल्या नव्हत्या; नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली की लागली नाही यावरून वाद होऊ लागले, तेव्हा साखळ्यांची टोपली निघाली. तिचे पेटंट १९७७ चे. साखळ्यांची युक्ती फार नामी आहे. वेगाने आलेली तबकडी टणक खांबावर आपटली तर उसळून परत येईल. पण लोंबत्या साखळ्या स्वतः हलून तिची गती खाऊन टाकतात आणि बिचारी गुपचूप खाली टोपलीत पडते. आज जगभरात अशी दहा हजारांहून अधिक मैदाने आहेत. हेड्रिक २००२ साली वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून तिच्या तबकड्या करण्यात आल्या! असा शेवट मला तरी दुसऱ्या कोणत्याही खेळात ठाऊक नाही.

गिरकी नसेल तर?

आता प्रयोगाला लागू. घरातील एखाद्या डब्याचे प्लॅस्टिकचे झाकण घ्या. झाकणाचा व्यास १५ ते २० सेंटिमीटर असला म्हणजे पुरे. पत्र्याचे झाकण मात्र घेऊ नका. त्याची कड कापते. प्रथम झाकण दोन्ही हातांत आडवे धरून गिरकी न देता नुसते पुढे ढकला. ते दोन-तीन कोलांट्या खाऊन जवळच पडेल. आता तेच झाकण मनगटाने गिरकी देऊन फेका. ते आडवे राहून पुढे तरंगत जाईल.

हा फरक भोवऱ्यासारखाच आहे. थांबलेला भोवरा आरेवर उभा राहत नाही, फिरता राहतो. फिरणाऱ्या वस्तूला आपला आस ज्या दिशेला आहे त्याच दिशेला ठेवायचा असतो. गिरकी जितकी जोरदार आणि वस्तुमान आसापासून जितके दूर, तितका हा हट्ट अधिक. म्हणून तर तबकडीची पाठ पातळ आणि कड जाड असते. झाकणाच्या आतल्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची अरुंद पट्टी सगळीकडून सारखी चिकटवून पुन्हा फेकून पाहा. झाकण जड झाले, तरी अधिक स्थिर जाईल.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह होतो. ओक ग्रोव्हच्या त्या मैदानाला अगदी लागूनच अमेरिकेची जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी ही अवकाशयाने बनविणारी प्रसिद्ध प्रयोगशाळा आहे. १९५८ साली सोडलेला अमेरिकेचा पहिला उपग्रह ‘एक्स्प्लोरर-१’ याच प्रयोगशाळेने बांधला. तो पेन्सिलीसारखा लांबट होता आणि स्थिर राहावा म्हणून त्याला लांबीच्या आसाभोवती गिरकी दिली होती. पण त्याला बाहेर लवचीक तारांच्या अँटेना होत्या. त्या हलताना थोडी थोडी ऊर्जा खर्च होऊ लागली आणि थोड्याच वेळात उपग्रह पेन्सिलीसारखा फिरणे सोडून, टेबलावर आडवी टाकून फिरवलेल्या पेन्सिलीसारखा फिरू लागला. असे का झाले? फिरती वस्तू ऊर्जा गमावीत गेली की शेवटी ज्या आसाभोवती तिचे वस्तुमान सर्वांत दूर पसरलेले असते त्या आसावर येऊन स्थिरावते. पेन्सिलीच्या बाबतीत तो आस आडवा. तबकडीच्या बाबतीत मात्र आपण ज्या आसाभोवती तिला गिरकी देतो तोच हा आस असतो. म्हणून हातातून सुटताना ती थोडी थरथरली तरी काही क्षणांत शांत होते. उपग्रहाला जे साधले नाही ते शेजारच्या मैदानावरच्या तबकडीला आयतेच मिळालेले आहे!

बाराला ढकल, तीनला परिणाम

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. तबकडी हवेत टिकते कशी? ती पुढे जाताना समोरची हवा खाली लोटते आणि त्या बदल्यात हवा तिला वर लोटते. न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही शिकलाच आहात. हा वर उचलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे वेग निम्मा झाला की जोर एक-चतुर्थांश. एक हिशेब करून पाहू. १७५ ग्रॅमच्या तबकडीचे वजन सुमारे १.७ न्यूटन भरते. तिचा व्यास २१ सेंटिमीटर आणि वेग सेकंदाला २० मीटर असेल तर, जवळजवळ सपाट राहूनही हवा तिला तोलून धरू शकते. पण वेग १० मीटरवर आला की तेवढाच जोर मिळवायला तिला हवेला चौपट ‘अडवावे’ लागते. म्हणजे तिचा तळ हवेला अधिक दाखवावा लागतो. आणि तसे आपोआप घडतेही. वेग मंदावलेली तबकडी खाली बसू लागते. ती स्वतः आडवीच असली तरी तिचा मार्ग आता उताराचा असतो, त्यामुळे हवा तिला समोरून न लागता खालून लागू लागते.

येथवर ठीक. गोम पुढेच आहे. हवा तबकडीला नेमकी मधोमध उचलीत नाही. तबकडी वेगात असते आणि हवा समोरून सपाट येत असते, तेव्हा उचलण्याची जागा मध्यापासून किंचित मागे असते. म्हणजे मागची कड वर आणि पुढची कड खाली असा रेटा बसतो. उलट तबकडी मंद झाली आणि हवा खालून लागू लागली की उचलण्याची जागा मध्याच्या पुढे सरकते आणि पुढची कड वर लोटली जाते. तबकडी फिरत नसती तर ती मागे उलटली असती. झाकण गिरकीशिवाय फेकले तेव्हा तुम्ही पाहिलेत ते हेच.

पण ती फिरते आहे! समजा, तबकडी हे एक मोठे घड्याळ आहे. पुढची कड १२ वर, उजवी ३ वर, मागची ६ वर आणि डावी ९ वर. उजव्या हाताने छातीसमोरून आणून सोडलेली तबकडी वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणेच फिरते. आता कडेचा एक बारीकसा तुकडा डोळ्यांसमोर ठेवा. तो १२ वर आला तेव्हा हवेने त्याला वर ढकलले. पण ढकलल्याबरोबर तो उंचावर जाऊन बसत नाही; त्याला वर जाण्याची गती तेवढी मिळते. आणि वर जाता जाता तो थांबलेला थोडाच असतो? तो ३ कडे निघालेला असतो. सर्वांत उंच तो पोचतो ते ३ वर. म्हणजे ढकल बसली पुढच्या कडेला आणि उचलली गेली उजवी कड! उजवी कड वर, डावी खाली, अशी कललेली तबकडी डावीकडे घसरणार नाही तर काय करील?

बाराला ढकल, तीनला परिणाम. भौतिकीच्या पुस्तकांत याला परांचन म्हणतात. मंदावलेला भोवरा पडण्याऐवजी डोलत डोलत गोल फिरतो ते याचमुळे. शाळेत सायकलचे सुटे चाक असेल तर आसाची दोन्ही टोके दोन हातांत घट्ट धरा, चाक उभे ठेवा, मित्राकडून ते जोराने फिरवून घ्या आणि मग एक हात वर, दुसरा खाली असे करू पाहा. चाक तुमचे ऐकणार नाही, भलतीकडेच वळेल. मनगटांना तो रेटा एकदा जाणवला की वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा लागत नाही.

उरलेले तुम्हीच ताडले असेल. वेग मोठा असताना पुढची कड खाली लोटली जाते. मग परिणाम ३ वर म्हणजे उजवी कड खाली, आणि तबकडी उजवीकडे झुकते. म्हणून कसलेल्या खेळाडूची लांब फेक आधी थोडी उजवीकडे जाते, मग सरळ होते आणि शेवटी डावीकडे वळून उतरते, अशी नागमोडी. नवख्याच्या फेकीत मात्र पहिला उजवा भाग येतच नाही. त्याची तबकडी सुरुवातीपासूनच मंद असते. बरेचदा पुढची कड वर करून सोडलेलीही असते. मग सगळे उड्डाण डाव्या वळणाचेच होते. आणि जोर वाढवला तर? पुढची कड वरच राहिली तर तबकडी अधिक उंच चढते, चढण्यात वेग गमावते आणि वरून डावीकडे अधिक लांब घसरत येते. ‘अजून जोराने’ हा सल्ला का फसतो ते आता कळले ना?

राल्फ लॉरेन्झ या ग्रहवैज्ञानिकाने तर फ्रिस्बीवर छोटी मापनयंत्रे बसवून उडत असतानाच तिचे डोलणे मोजले आहे. शनीच्या टायटन या चंद्रावर उतरलेल्या ह्युजेन्स यानाच्या कामातही हा माणूस होता. तबकडीत इतका वेळ घालविणे त्याला कमीपणाचे वाटले नाही.

मग शिकवावे कसे?

पहिला प्रश्न तबकडी कोणती घ्यावी हा. बाजारात तिचे ढोबळ तीन प्रकार मिळतात : जवळून टोपलीत टाकायची पटर, मध्यम पल्ल्याची मिडरेंज आणि लांब पल्ल्याची ड्रायव्हर. पटरची कड बोथट आणि जाडजूड असते. ड्रायव्हरची कड रुंद आणि पाचरीसारखी निमुळती. १९८३ साली अमेरिकेतील इनोव्हा कंपनीने निमुळत्या कडेची तबकडी आणली तेव्हापासून या खेळातील अंतरे एकदम वाढली, कारण अशी कड हवा कमी अडवते. नवख्याचा डोळा साहजिकच ड्रायव्हरवर जातो. आणि तेथेच तो फसतो. ड्रायव्हर ही मोठ्या वेगासाठी घडवलेली तबकडी. तो वेग हातात नसला तर ती सुरुवातीपासूनच डावीकडे वळते.

बहुतेक तबकड्यांवर चार आकडे छापलेले असतात. पहिला आकडा किती वेगासाठी ती घडवली आहे याचा, दुसरा तरंगत राहण्याचा, तिसरा वेगात असतानाच्या उजव्या वळणाचा (तो उणे असेल तर उजवीकडे अधिक), चौथा शेवटच्या डाव्या वळणाचा. इनोव्हाच्या एव्हिआर या पटरवर २, ३, ०, १ असे आकडे आहेत आणि डिस्ट्रॉयर या ड्रायव्हरवर १२, ५, -१, ३. दोन्हींचा चौथा आकडा ताडून पाहा. नवख्याने एव्हिआरसारखी पटर घ्यावी, किंवा लेपर्ड या हलक्या ड्रायव्हरसारखी, जिच्यावर ६, ५, -२, १ असे आकडे असतात. वजनही थोडे कमीच बरे. नियमाप्रमाणे तबकडीचे वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा अधिक असू नये. म्हणजे २१ सेंटिमीटरच्या तबकडीला सुमारे १७४ ग्रॅम. शिकताना १५० ते १६० ग्रॅमची तबकडी हातात द्यावी. माझे मत विचाराल तर पहिला महिनाभर ड्रायव्हर दप्तरातच ठेवावा, किंवा घेऊच नये.

दुसरी गोष्ट धरण्याची. अंगठा पाठीवर, चारही बोटे खाली, कडेच्या आतल्या बाजूला टेकलेली. मूठ घट्ट, पण खांदा आणि कोपर सैल. तबकडी छातीच्या उंचीवरून सरळ रेषेत डावीकडून उजवीकडे ओढायची. अंगाला वळसा घालून कोयत्यासारखी फिरवायची नाही. तशी फिरवली तर ती कोठे सुटेल याचा नेम राहत नाही. ओला पंचा झटकताना हात आधी जातो आणि टोक शेवटी सटकन येते, तसा मनगटाचा झटका अगदी शेवटी आला पाहिजे. गिरकी येते ती त्या झटक्यातून. तबकडीचा मध्य हातापुढे निसटून जाऊ पाहतो, बोटांनी कड एका बाजूला धरून ठेवलेली असते, आणि त्या ओढाताणीत ती गर्रकन फिरते. गिरकी निम्मी असेल तर हवेच्या तेवढ्याच रेट्याने तबकडी दुप्पट वेगाने कलते. म्हणून शिकवणाऱ्याने ‘जोरात’ असे न म्हणता ‘झटका दे’ असे म्हणावे. शब्दाने फार फरक पडतो.

तिसरी गोष्ट पुढच्या कडेची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. तबकडी सोडताना पुढची कड वर गेली की वरचे सगळे गणित तुमच्या विरुद्ध उभे राहते. तबकडीच्या पाठीवर काठोकाठ भरलेली वाटी ठेवली आहे अशी कल्पना करा; ती सांडता कामा नये. तांब्यातून पाणी ओतताना मनगट करंगळीच्या बाजूला किंचित झुकते, तसे झुकवले की पुढची कड खाली येते. सुरुवातीला तबकडी जमिनीतच जाईल अशी भीती वाटते. जात नाही. छातीच्या उंचीवरून सपाट सोडलेली पटर वीस-पंचवीस मीटर सहज जाते. लांब फेकायचे असले तर सगळे शरीर थोडे कलवून तबकडीचा मार्ग चढता करावा, पण तबकडी त्या मार्गाशी सपाटच राहिली पाहिजे. मार्ग चढता असणे वेगळे आणि मार्गापेक्षा कड वर असणे वेगळे. हा भेद तोंडी सांगून कळत नाही. शिक्षकांनी फळ्यावर एक तिरकी रेषा आणि तिच्यावर दोन तबकड्या काढून दाखवाव्यात.

आता क्रम. पुष्कळ ठिकाणी नवख्याला पहिल्याच दिवशी सुरुवातीच्या चौथऱ्यावर उभे करून दूरची टोपली दाखवतात. मला हे उलटे वाटते. आधी टोपलीपासून तीन मीटरवर उभे करावे. साखळ्यांचा खळखळाट दहा वेळा कानावर पडू द्यावा. मग एक-एक पाऊल मागे. टोपलीपासून १० मीटरच्या आत फेकताना तोल जाऊन पुढे पाऊल पडता कामा नये असा नियमच आहे, तेव्हा तोल सांभाळून फेकण्याची सवय येथेच लागते. त्यानंतर जागेवर उभे राहून वीस मीटर, तीस मीटर. धावत येऊन फेकणे अगदी शेवटी. पाय, कंबर, खांदा, मनगट इतक्या गोष्टी एकदम जुळवायला सांगितल्या तर चूक कोठे झाली ते शिकणाऱ्याला कळत नाही, आणि शिकवणाऱ्यालाही.

शाळेच्या मैदानावर टोपली नाही म्हणून अडून बसू नका. हेड्रिकनेही खांबांवरच सुरुवात केली होती. कडुनिंबाचे खोड, बास्केटबॉलचा खांब, उलटी ठेवलेली बादली, काहीही चालेल. एका गोष्टीत मात्र हयगय नको. क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा असतो. तबकडी त्याहून जड असू शकते आणि ती सेकंदाला २५ मीटर वेगाने आली तर लेदर बॉलइतकाच दणका देते. फेकणाऱ्याच्या पुढे कोणीही उभे राहायचे नाही. कोणाच्या दिशेने गेलीच तर लाज न बाळगता मोठ्याने ओरडायचे. तिकडे ‘फोर!’ असे ओरडतात. तुम्ही ‘बाजूला व्हा!’ म्हणालात तरी चालेल.

आणि वाऱ्याकडे लक्ष द्या. तबकडीला जमिनीवरचा वेग कळत नाही, तिला हवेचा वेग कळतो. समोरून वारा असेल तर तिच्या दृष्टीने ती अधिक वेगात आहे, म्हणून उजवीकडे झुकते. मागून वारा असेल तर लवकर मंदावल्यासारखी डावीकडे वळते. वाऱ्याची साथ कोठवर नेते पाहा. २०१६ साली डेव्हिड विगिन्स या अमेरिकन तरुणाने नेवाडाच्या वाळवंटात वाऱ्याच्या साथीने तबकडी ३३८ मीटर फेकली. क्रिकेटचे मैदान आरपार करूनही ती दुसऱ्या मैदानात गेली असती.

आता वही काढा. एकाच जागेवरून, एकाच तबकडीच्या वीस फेका करा. दहा फेका पुढची कड मुद्दाम थोडी वर ठेवून आणि दहा सपाट. प्रत्येक वेळी तबकडी सरळ रेषेपासून किती पावले डावीकडे किंवा उजवीकडे पडली ते लिहा. दोन्ही सरासऱ्या काढा. वर्गात एखादा डावखुरा मित्र किंवा मैत्रीण असेल तर त्याच्याकडूनही फेकून घ्या. त्याची तबकडी घड्याळाच्या उलट फिरेल, म्हणजे १२ ची ढकल त्याला ३ वर नव्हे तर ९ वर जाणवेल. आता सांगा पाहू, हाच डावखुरा खेळाडू समोरच्या जोरदार वाऱ्यात सपाट आणि वेगाने तबकडी सोडील, तर ती आधी कोणत्या बाजूला झुकेल? शिक्षकांना विचारण्यापूर्वी एक ताटली हातात धरून, तिच्या कडेवर बोट फिरवून पाहा.